आधी काम द्या, माईक नंतर: तरुण संघाची जबाबदारी नव्याने घेणाऱ्यांसाठी

चर्चमधली उपासना संपते, लोक बाहेर पडत असतात, आणि पाळक खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "तरुण मुलांचं तुम्ही बघाल का?" या सेवेत बहुतेक जण असेच येतात. प्रशिक्षण नाही, पुस्तक नाही, आधीच्या माणसाने सोडलेली एक फाटकी नोंदवही असली तर असली. मीही असाच आलो. पहिल्या वर्षी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक सांगतो. मी सुरुवातच मोठ्या कार्यक्रमाने केली. वाद्यवृंद, खेळ, बाहेरून बोलावलेला वक्ता. साठेक मुलं आली आणि मी घरी जाताना गुणगुणत गेलो. पुढच्या आठवड्याला नऊ आली.

दुसरी चूक जास्त महागात पडली. त्या कार्यक्रमात सोळा वर्षांच्या एका मुलाने साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. बोलायला विलक्षण, ऐकणाऱ्यांचे डोळे ओले झाले. मी लगेच त्याला दर आठवड्याला पुढे उभं करू लागलो. गाणी तोच घ्यायचा, प्रार्थनाही तोच करायचा. सहा महिन्यांनी तो यायचा थांबला. बऱ्याच काळाने भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, मी वर उभा राहून जे बोलायचो ते खाली उतरल्यावर माझ्यात नसायचं. आणि खाली कुणी विचारायचंही नाही." त्याला माईक मिळाला होता. एखादं काम मिळालं नव्हतं, आणि सोबत चालणारा माणूसही मिळाला नव्हता.

मुलाचा विश्वासू पुरुष कसा होतो, याबद्दल मला जे काही कळलंय ते एवढंच: त्याच्या खांद्यावर त्याला पेलेल एवढं ओझं द्यावं लागतं, आणि ते उचलताना शेजारी एक मोठा माणूस असावा लागतो. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: कार्यक्रमाआधी वही

नवीन वही घ्या. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या कुटुंबांतल्या, तेरा ते पंचवीस वयाच्या प्रत्येक मुलाचं नाव लिहा. जो येतो त्याचं, आणि जो येत नाही त्याचंही. प्रत्येक नावासमोर चार गोष्टी: घरी कोण कोण आहे, दिवसभर काय करतो, कशात त्याचा हात चालतो, आणि मंडळीतल्या कोणत्या मोठ्या माणसाशी तो मोकळेपणी बोलतो.

चौथा रकाना भरताना पेन थांबेल. बहुतेक नावांपुढे तो कोराच राहतो. तो कोरा रकाना हेच तुमचं पहिल्या वर्षाचं काम. किती मुलं जमली हा आकडा पाळकांना अहवालात हवा असेल तर द्या, पण स्वतःसाठी मोजायचं ते किती रकाने भरले हे.

वही घरी ठेवा आणि तिच्यात कुणाचं गुपित लिहू नका. वही हरवू शकते.

दुसरी पायरी: माणसं शोधा

एकट्याने हे काम सुरू करू नका. दोन-तीन मोठे पुरुष सोबत घ्या. इथे सगळ्यांची नजर गमत्या, गिटार वाजवणाऱ्या, मुलांसारखे कपडे घालणाऱ्या माणसाकडे जाते. असा कुणी असला तर बरंच आहे, पण मुलांना आणखी एक मित्र हवा असतो असं मला वाटत नाही. मित्र त्यांना भरपूर असतात. राजा रहबामाकडेही होते. वडीलधाऱ्यांचा सल्ला बाजूला ठेवून तो बरोबर वाढलेल्या तरुणांचं ऐकत बसला आणि राज्याचे दोन तुकडे झाले (१ राजे १२).

मी माणूस निवडताना तीन गोष्टी बघतो. तो वेळेवर येतो का? बायकोशी, आईशी, हाताखालच्या माणसांशी कसं बोलतो? आणि "माझं चुकलं" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेत का? तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मिळ. बापाने किंवा कुठल्या मोठ्या पुरुषाने माफी मागितलेली ज्या मुलाने कधी पाहिलीच नाही, त्याला पश्चात्ताप हा शब्द नुसता उपदेशातून समजवणं फार कठीण जातं.

तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक मौज आहे. वृद्ध पुरुष, वृद्ध स्त्रिया, तरुण स्त्रिया या सगळ्यांसाठी प्रेषित पौल आपल्या सहकाऱ्याला, तीताला, गुणांच्या याद्या देतो. तरुण पुरुषांची पाळी येते तेव्हा एकच गोष्ट सांगतो: मर्यादेने वागा, स्वतःवर ताबा ठेवा. आणि लगेच तीताकडे वळून म्हणतो, तू स्वतः उदाहरण हो. जणू पौलाला माहीत होतं की तरुणांना यादी देऊन उपयोग नाही, त्यांना बघायला माणूस लागतो. तीमथ्याला लिहितानाही (१ तीमथ्य ४:१२) तोच विचार आहे, आणि तिथे आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द आलाय "कित्ता". लहानपणी ज्यांनी कित्ता गिरवलाय त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वर सुबक अक्षर असतं, खाली आपलं वेडंवाकडं. गिरवता गिरवता वळण येतं. पण वरची ओळच वाकडी असेल तर?

तिसरी पायरी: सुरक्षेचे नियम, पहिल्या दिवसापासून

या भागात मतमतांतराला जागा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर काम करायचं तर नियम लिहून काढा, पाळक आणि वडीलमंडळाची (मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या समितीची) सही घ्या आणि पालकांना वाचून दाखवा.

कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही. बोलायचं तर उघड्या दाराशी, अंगणात, लोकांच्या नजरेच्या टप्प्यात. गाडीतून एकट्या मुलाला न्यायचं नाही. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कायम किमान दोन जबाबदार मोठी माणसं असतील. रात्री उशिरा खाजगी संदेश नाहीत. शिबिराला पालकांची लेखी परवानगी, आणि मोठ्यांची झोपायची सोय वेगळी. नवीन मदतनीसाला पाळकांच्या ओळखीवर घ्यायचं नाही. आधीच्या मंडळीत, कामाच्या ठिकाणी चौकशी करायची, आणि जिथे पोलीस पडताळणीची सोय आहे तिथे ती करून घ्यायची.

"आपण सगळे विश्वासी आहोत, आपल्यात कशाला हे?" असं कुणीतरी म्हणेलच. मुलांना इजा करू पाहणारा माणूस नेमकं हेच वाक्य ज्या मंडळीत बोललं जातं ती मंडळी शोधत असतो.

एखाद्या मुलाने आपल्याबरोबर काही वाईट घडल्याचं सांगितलं, तर शांतपणे ऐका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. उलटतपासणी करू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला व कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला कळवा. मंडळीच्या आत चौकशी करून, दोघांना समोरासमोर बसवून, प्रार्थना करून "मिटवणं" हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. क्षमा हा विषय पुढे कधीतरी येईल, आणि तो त्या मुलाच्या वेळेने येईल.

चौथी पायरी: पहिली सभा

सभा साधी ठेवा. दीड तास पुरतो. खुर्च्या गोलात. ओळीत मांडल्या की मागची रांग आपोआप मोबाईलची रांग होते.

वचनासाठी मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, घटनांना वेग, भाषणं कमी. मुलांना ते झेपतं. आठवड्याला एक अध्याय धरला तर चार महिन्यांत एक आख्खं पुस्तक संपतं, आणि "मी शास्त्रातलं एक पुस्तक पूर्ण वाचलंय" हे म्हणता येणं पंधरा वर्षांच्या मुलाला फार मोठं वाटतं. मोठ्याने आळीपाळीने वाचू द्या. कुणाला वाचायला अडखळत असेल तर आधी घरी गाठून त्याच्या दोन ओळी त्याच्याकडून घोटून घ्या. सगळ्यांसमोर एकदा फजिती झाली की पुढच्या वेळी तो मुलगा दिसत नाही.

मग तीन प्रश्न. इथे काय घडलं? यात तुला काय खटकलं किंवा कळलं नाही? हे खरं असेल तर या आठवड्यात तुझ्या घरात काय बदलेल?

दुसरा प्रश्न कधीही गाळू नका. ज्या मुलाला "मला हे पटत नाही" म्हणायची मुभा नसते तो ते मनात ठेवतो आणि वयाच्या विसाव्या वर्षी एका झटक्यात सगळंच टाकून जातो. मार्कच्या नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक. एकाच वाक्यात दोन्ही. ही प्रार्थना मी मुलांना पाठ करायला सांगतो.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनात दहा अंक मोजा. नवख्या पुढाऱ्याला चौथ्या अंकालाच शांतता असह्य होते आणि तो स्वतः उत्तर देऊन टाकतो. तसं दोन-तीनदा झालं की मुलं ओळखतात, थांबलं की सर स्वतःच बोलतात.

पाचवी पायरी: काम

एकदा सभेनंतर खुर्च्या आवरायच्या होत्या. एक मुलगा कधीच बोलायचा नाही. गोलात बसायचा, जमिनीकडे बघायचा, निघून जायचा. त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "जरा हात लाव." आम्ही दोघं एकेक खुर्ची एकात एक घालत गेलो. आठ-आठची चळत. बाराव्या खुर्चीच्या सुमाराला, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "बाबांची नोकरी गेलीय. घरात कुणाला सांगायचं नाही म्हणालेत."

मी हातातली खुर्ची ठेवली नाही. ठेवली असती तर तो गप्प झाला असता. पुढची उचलली आणि विचारलं, "कधीपासून?"

मुलगे समोरासमोर बसवून बोलत नाहीत. शेजारी उभं राहून, हात कशात तरी गुंतलेले असताना, नजर दुसरीकडे असताना बोलतात. त्यामुळे काम हे नुसतं जबाबदारी शिकवण्याचं साधन नाही, बोलणं निघण्याची जागाही तीच आहे. यहोशवा तरुणपणापासून मोशेच्या हाताखाली होता. पुढे इस्राएल लोकांना वचन दिलेल्या देशात नेणारा तो झाला, पण त्याआधी कित्येक वर्षं तो सेवकच होता.

कामं खरी असली पाहिजेत. मुलांना गुंतवण्यासाठी काढलेली खोटी कामं ते लगेच ओळखतात. खरं काम म्हणजे ते झालं नाही तर कुणाचं तरी अडेल असं. उपासनेआधी मंदिर, म्हणजे चर्चची इमारत, उघडणं. ध्वनियंत्रणा. वृद्ध सभासदांना घरून आणणं आणि सोडणं. आजारी माणसाच्या घरी महिन्यातून दोनदा जाऊन बसणं. शब्बाथशाळेच्या (मुलांना शास्त्र शिकवायच्या रविवारच्या वर्गाच्या) लहानग्यांना गोष्ट सांगणं, अर्थात तिथे मोठा माणूस सोबत असताना. अर्पणाच्या मोजणीत वडीलमंडळातल्या दोघांबरोबर तिसरा म्हणून बसणं. पैसे कसे मोजतात, लिहितात, सही कशी करतात हे सोळाव्या वर्षी पाहिलेला मुलगा पुढे पैशाच्या बाबतीत सहसा ढिला राहत नाही.

काम देताना मी चार टप्पे धरतो. मी करतो, तू बघ. मी करतो, तू मदत कर. तू कर, मी मदत करतो. तू कर, मी बघतो. साधं आहे, पण आपण बहुतेक वेळा पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतो आणि मग "हल्लीच्या मुलांना जबाबदारीच नको" म्हणून कुरकुरतो.

काम फसेल. मंदिर उघडायला पाठवलेला मुलगा झोपून राहील आणि पन्नास माणसं बाहेर उभी राहतील. त्या दिवशी लोकांसमोर ओरडू नका, आणि काम काढूनही घेऊ नका. संध्याकाळी त्याला गाठा. काय झालं ते त्याच्याकडून ऐका. मग ज्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागलं त्यांच्या घरी त्याला माफी मागायला घेऊन जा. तुम्ही फाटकाशी थांबा, आत तो एकटा जाईल. पुढच्या रविवारी पुन्हा त्यालाच पाठवा.

आणि माईक? मिळेल. पण जो वर्षभर खुर्च्या आवरतो, आजाऱ्याला भेटतो, त्याच्या साक्षीला वेगळं वजन असतं. तो आधी काम करतो हे लोकांना माहीत असतं, आणि त्यालाही.

सहावी पायरी: एकेकाशी बोलणं

प्रत्येक मोठ्या माणसाकडे तीनच मुलं द्या. चार झाली तरी ताण येतो. महिन्यातून दोनदा भेट, उघड्यावर, चालत चालत. "कसा आहेस?" ला "बरा" हेच उत्तर येतं, म्हणून ते विचारू नका. "या आठवड्यात कशाचा राग आला?" असं विचारा. "कशाला घाबरलास?" हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर.

सल्ला देण्याची घाई आवरा. वृद्ध याजक एली आणि त्याच्याकडे वाढणारा मुलगा शमुवेल यांची गोष्ट (१ शमुवेल ३) मला या बाबतीत फार शिकवते. रात्री शमुवेल धावत येतो, "तुम्ही मला हाक मारली ना?" एली त्याला दोनदा परत झोपायला लावतो. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं की पोराला देव हाक मारतोय. मग तो स्वतः अर्थ सांगत बसत नाही. काय उत्तर द्यायचं तेवढं शिकवतो आणि त्याला त्याच्या जागी परत पाठवतो. मोठ्या माणसाचं काम एवढंच असतं. (याच एलीने स्वतःच्या मुलांना आवरलं नाही, हेही त्याच अध्यायात आहे. मंडळीच्या पोरांसाठी धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते विसरू नये. आठवड्यातली एक संध्याकाळ स्वतःच्या घरासाठी राखून ठेवा.)

सातवी पायरी: अवघड विषय

हे विषय येणारच, म्हणून आधी स्वतःशी ठरवून ठेवा.

मोबाईलवरची अश्लील चित्रं. हा विषय टाळणारा तरुण संघ म्हणजे पाऊस पडत असताना छत्रीबद्दल न बोलणारा माणूस. पण पंचवीस मुलांसमोर हात वर करायला लावून कबुली घेऊ नका. ते मुलांना उघडं पाडणं आहे. गटात विषय मांडा: डोळ्यांना लागलेली सवय समोरच्या बाईकडे माणूस म्हणून बघणं कसं अवघड करते, एकटेपणा आणि कंटाळा यांचा याच्याशी काय संबंध आहे. व्यक्तिगत बोलणं एकेकाशी. उपाय ठोस हवेत. रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचा. मोहात पडल्यावर चोवीस तासांच्या आत एका ठरलेल्या माणसाला सांगायचं. योसेफाने त्याला मोहात पाडू पाहणाऱ्या बाईसमोर, धनी पोटीफराच्या बायकोसमोर, वाद घातला, पण शेवटी वाचला तो पळून. अंगावरचं वस्त्र तिच्या हातात राहिलं तरी त्याने परत वळून पाहिलं नाही. पळणं हा भित्रेपणा नाही, हे मुलांना त्या गोष्टीवरून पटकन समजतं.

लाज आणि पश्चात्ताप यांतला फरक त्यांना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. लाज मुलाला लपायला लावते, पश्चात्ताप त्याला घराकडे चालायला लावतो. लूक १५ मधला धाकटा मुलगा बापाचा पैसा उधळून डुकरं राखायची पाळी आल्यावर घरी परतला; तो डुकरांजवळच बसून राहिला असता तर ती नुसती लाज झाली असती.

स्त्रिया. पौल तीमथ्याला सांगतो, तरुण स्त्रियांशी बहिणींप्रमाणे, पूर्ण शुद्धतेने वाग. तरुण संघात मुली असतील तर हे वचन बोलण्यापेक्षा कामात दिसतं: सतरंज्या कोण घालतं, कोण आवरतं, निर्णय घेताना कुणाचं ऐकलं जातं. पुरुष असणं म्हणजे आवाज चढवणं नव्हे, हे तुम्ही मुलींच्या सूचना कशा ऐकता यावरून मुलं शिकतात.

नोकरी आणि पैसा. "सेवा" हा शब्द आपण फार अरुंद करून ठेवलाय. पौल तंबू शिवायचा. प्रामाणिकपणे हिशोब लिहिणारा, गाडी दुरुस्त करणारा, वेळेवर जाऊन पूर्ण दिवस काम करणारा तरुणही देवाची सेवाच करतोय, हे अगदी स्पष्ट सांगा. नाहीतर हुशार मुलांना वाटतं की खरी भक्ती म्हणजे पाळक होणं, आणि उरलेल्यांना वाटतं आपण दुय्यम. पहिला पगार झाला की मुलाबरोबर बसा. घरी किती, अर्पण किती, शिल्लक किती, हे कागदावर त्याच्याच हाताने लिहू द्या.

मनाचे आजार. सतत झोप नसणं, खाणं सुटणं, आवडत्या गोष्टींतून मन उडणं, "मी नसलेलाच बरा" असं बोलणं. याला विश्वासाची कमतरता म्हणू नका. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, डॉक्टरकडे न्या. प्रार्थना करा, आणि डॉक्टरकडे जाताना रस्त्यात करा.

आठवी पायरी: घर

तुम्ही त्याचे वडील नाही. मुलगा घरच्यांबद्दल तक्रार करू लागला की "तुझे बाबा चुकलेच" म्हणण्याचा मोह होतो, कारण त्या क्षणी आपण त्याला फार जवळचे वाटतो. तो मोह आवरा. वर्षातून दोनदा तरी प्रत्येक घरी जा. मुलाने काय चांगलं केलं ते आई-वडिलांसमोर सांगा. अनेक घरांत मुलाचं कौतुक बाहेरच्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू येतं. घरात मारहाण होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे तिसऱ्या पायरीचे नियम लागू.

वडील नसलेल्या किंवा विश्वासात नसलेल्या मुलांना तीमथ्याचं घर दाखवा. बाप ग्रीक. विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, आणि पौल ते नावं घेऊन लिहितो. त्या दोघींनी केलेल्या कामावर पौल पुढे बांधत गेला. तुम्हीही कुणाच्या तरी आईच्या कामावरच बांधत असता.

नववी पायरी: जो निघून जातो

जाईल. वहीतली काही नावं येणं थांबतील. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी आठवडाभर स्वतःलाच दोष देत होतो, मग आणखी आठवडाभर त्या मुलाला.

पौल आणि बर्णबा सुवार्तेच्या फेरीवर असताना त्यांच्या बरोबरचा मार्क योहान त्यांना पंफुल्या प्रांतात सोडून परत गेला. पुढच्या फेरीला बर्णबा त्याला पुन्हा घ्यायचं म्हणाला, पौल नको म्हणाला, आणि दोघा जिवलग सहकाऱ्यांचं एवढं बिनसलं की ते वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्र (सायप्रस) बेटावर गेला. वर्षांनंतर तोच पौल तुरुंगातून लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात काय घडलं ते शास्त्र सांगत नाही. पण बर्णबाने हात सोडला नाही एवढं कळतं. आणि जे शुभवर्तमान आपण मुलांबरोबर वाचतो ते त्याच मार्काच्या नावाने आहे. हे मी सोळावा अध्याय संपतो त्या दिवशी सांगतो, आधी नाही.

म्हणून गेलेल्या मुलाचं नाव वहीतून खोडू नका. त्याच्या वाढदिवसाला फोन करा. "कधी येतोस?" विचारू नका. एवढंच.

ज्यांना कुणी आत घेतलं नाही अशांसाठीही डोळे उघडे ठेवा. तरुणांमध्ये काम करणाऱ्या डॉन बॉस्को या धर्मगुरूची गोष्ट सांगतात: ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरिनच्या एका चर्चमध्ये एक पोरका मुलगा नुसता आत डोकावला, त्याला मिस्साची (कॅथलिक उपासनेची) सेवा करता येत नाही म्हणून तिथल्या सेवकाने त्याला मारून हाकललं. बॉस्कोने सेवकाला म्हटलं, तो माझा मित्र आहे, त्याला परत बोलवा. मग त्याच्याशी बोलत बसला, नाव, घरी कोण, वाचता येतं का. बॉस्को स्वतः आपल्या सगळ्या कामाची सुरुवात त्या दिवसापासून मोजत असे. तुमच्या दाराशी उभा राहून मुलांना परत पाठवणारा माणूस कोण आहे, ते एकदा बघा. बहुतेक वेळा तो मंडळीतला अत्यंत प्रामाणिक माणूसच असतो.

दहावी पायरी: सोपवणं

तरुण संघात तिशीचे तरुण दिसू लागले की समजावं, काहीतरी अडकलंय. साधारण विशीच्या आत-बाहेर मुलाला तरुण संघातून मंडळीच्या मुख्य प्रवाहात न्यायला हवं: एखाद्या समितीत, गृहसंगतीत, शब्बाथशाळेच्या शिक्षकांत. तुमच्या हातून तो सुटेल तेव्हा थोडं दुखेल. दुखू द्या.

शिक्षणाला किंवा नोकरीला दुसऱ्या गावी जाणारा मुलगा हा सगळ्यात नाजूक टप्प्यावर असतो. तो निघायच्या आधीच तिथल्या एखाद्या मंडळीशी बोलून ठेवा, आणि पहिल्या रविवारी त्याला तिथे कुणीतरी नावाने हाक मारेल अशी व्यवस्था करा. "तिथे गेल्यावर चर्च शोध" असं सांगून पाठवलेले फार थोडे शोधतात. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या बावीस वर्षांच्या कापडदुकानातल्या नोकराने सोबतच्या काही तरुणांना घेऊन प्रार्थना आणि शास्त्रवाचनाची बैठक सुरू केली, ती अशाच गावाहून शहरात आलेल्या, रात्री कुठे जावं हे न कळणाऱ्या मुलांसाठी. तीच पुढे वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना झाली. बावीस वर्षांचा मुलगा काय करू शकतो याचं हे उदाहरण मी माझ्याच वयाच्या लोकांना जास्त वेळा सांगतो, कारण अडवणारे आपणच असतो.

तुमची जागा कोण घेणार हे तिसऱ्या वर्षापासून डोळ्यांसमोर ठेवा. त्याला सभेची तयारी करताना शेजारी बसवा. अवघड घरी जाताना बरोबर न्या. वडीलमंडळापुढे अहवाल त्याला वाचू द्या. मग एका रविवारी मंदिराची किल्ली त्याच्या हातात द्या, आणि तुम्ही मागच्या ओळीत जाऊन बसा.

दुसरी किल्ली मात्र घरी असू द्या. पहिल्या वर्षी तो ती एकदा तरी विसरणारच आहे.